ओळखपत्रावरचं हसू

बनावट ओळखपत्रावर नाव टेलरमास्तरांचं, जन्मतारीख त्यांची, फोटोतला चेहराही त्यांचाच. फक्त तो हसत होता. मास्तर उभ्या जन्मात फोटोसाठी हसले नव्हते.

बायको तो फोटो जरा जास्तच वेळ बघत राहिली, तेव्हा मास्तरांच्या पोटात दुखलं.

"दुसऱ्याची ओळख वापरून फसवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, वर दंड," फौजदार म्हणाले.

"तीनच?" मास्तर भडकले. "लेकाचा माझ्या नावावर हसतोय!"

ते ओळखपत्र वापरणारा चोर आता पकडला गेला होता. तो एकदा घरी आला होता, तेव्हा दार बायकोनेच उघडलं होतं. म्हणून ओळख परेडला साक्षीदार तीच. रांगेतल्या पाच जणांपैकी चोराच्या खांद्यावर तिने हात ठेवायचा होता.

मास्तर काचेमागून बघत होते. ती पाचव्यापाशी थांबली; चेहरा हुबेहूब मास्तरांचा, फक्त हसरा. तिने हळूच त्याची कॉलर सरळ केली, लग्नानंतर पहिली काही वर्षं मास्तरांची करायची तशीच. मास्तरांचा नुसता जळफळाट झाला.

मग ती वळली, दार उघडून काचेमागे आली आणि तिने मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हाच, साहेब."