पालकांची परवानगी

"कायदा म्हणजे कायदा. सोळा पूर्ण होईपर्यंत पालकांच्या परवानगीशिवाय सोशल मीडियावर अकाउंट नाही, आणि मी ती देणार नाही," दिगंबरने कालच लेकीला बजावलं होतं.

आज रात्री दशावतारात द्रौपदी करायची म्हणून त्याने मिशी सफाचट केली, गाल गुळगुळीत घोटले आणि खेळाची जाहिरात टाकायला मोबाइल उघडला. नव्या कायद्यानुसार ॲपने त्याचा चेहरा तपासला आणि निकाल दिला: वय सोळाच्या आत, पालकांची परवानगी आणा.

लेक गालातल्या गालात हसली. "कायदा म्हणजे कायदा, बाबा."

नाक मुठीत धरून तो स्वयंपाकघरात आईकडे गेला. "आये, तुझी परवानगी हवी. इथे बोट लाव."

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, मोबाइल पदराने पुसला आणि कमरेला खोचला.

"आधी पानावर बस," ती म्हणाली. "असा कायदा मला कधीचा हवा होता."