कामाची साडी

पुण्यातले काका लेकाच्या लग्नाला आमाला न्यायला आलेले. आईनं पिशवीत नव्या साडीखाली कामाची साडी घातली. त्यांच्याकडं गेलं की ती भांडी घासते, सैपाकघरात निजते. म्या मोबाईल काढला. "औंदा आमी भारी हाटेलात ऱ्हानार." काका खवळले, "घर असताना हाटेल? लोक तोंडात शेण घालतील! शाळा सोडलेलीला काय कळतंय त्यातलं?" "ढाब्यावर कमावते, काका. मी हाटेलाचे फोटू न्हाई बघत, खाली गिऱ्हाईकांनी लिवलेल्या शिव्या वाचते." पहिल्या हाटेलाची गादी झ्याक, पन न्हाणीत वास. दुसरं लई लांब. तिसरं कार्यालयासमोर, त्याच भावात नाश्ता. "नाश्ता कोन करतं?" आईनं इचारलं. "त्यांचा आचारी. तू बसून खायचं." काका म्हनाले, "मग वहिनी, आमच्या पाहुण्यांचा सकाळचा चहा?" आईनं कामाची साडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "जाऊबाईंस्नी द्या, भावजी. त्यास्नी आता लागंल."