काळ्याची मोळी

जानीच्या नातीचं लग्न झालं त्या वर्षापासून जानीचा दीर काळ्या दर रविवारी तलासरीच्या चर्चमधून येताना तिच्या दारात लाकडांची मोळी टाकू लागला. यानेच एके काळी तिला चेटूक करणारी भुताळी ठरवून पाड्याबाहेर काढलं होतं. जानी मोळीची दोरी सोडून लाकडांत करणीचं लिंबू, टाचण्या लपवल्यात का ते शोधायची.

"काय डाव आहे रे तुझा?"

"डाव नाही, वहिनी. देवाने मला माफ केलं, त्याचे आभार म्हणून आणतो."

"मग त्यालाच नेऊन दे! मला अजून कोणी बाळंतिणीजवळ फिरकू देत नाही, माझ्या हातचं पाणी पीत नाही."

पुढच्या रविवारी काळ्या चर्चमध्ये अख्ख्या पाड्यासमोर उभा राहिला. "जानी भुताळी नव्हती. मी खोटं बोललो."

तरीही जानीला तो खरा वाटेना.

काळ्या गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी वारला. शेवटचं पाणी त्याने जानीच्याच हातून मागून घेतलं.