जाळीतले केस

आम्हा ज्यूंमध्ये लग्न झालेल्या बायका आपले केस टोपाखाली किंवा रुमालाखाली झाकतात. शब्बाथच्या विश्रामदिवसाआधी सगळ्याजणींना केसांचे टोप माझ्याकडून धुऊन हवे असतात. झिसलचा टोप पाण्यात बुडवण्याआधी मी उलटा केला आणि थिजलेच. आतल्या जाळीला तिच्या स्वतःच्या केसांचा पुंजका चिकटला होता, मुळांसकट. "कुठे बोलू नकोस गं," समोर बसलेली झिसल कुजबुजली. "औषधानं गळताहेत. रविवारी मुलाची आई माझ्या पेर्लला बघायला येतेय. आजारी बाईची लेक कोण करून घेईल?" तेवढ्यात हे स्थळ आणणारी योखेवेदच दारात उभी. "अगंबाई, झिसलचाच ना हा? केवढा मऊ!" म्हणत टोप उचलून तिनं आत पाहिलं. "एवढे केस कुणाचे गळाले?" झिसलचा चेहरा पांढराफटक पडला. "माझे," मी बोलून गेले. "घट्ट करायचाय, म्हणून घालून बघितला." योखेवेदनं टोप हळूच खाली ठेवला. माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघत म्हणाली, "तुझ्या लेकीसाठी, हिंदेसाठीही स्थळ बघतेय ना मी?"