मधली भिंत

पुंता अरेनास शहराच्या बोचऱ्या वाऱ्याला कंटाळून इवोच्या बायकोने, इर्माने, घरातल्या भिंतींना फोमचे जाड बोर्ड बसवायला घेतले.

"ही मधली भिंत सोडू का, बाई?" मिस्त्री म्हणाला. "पलीकडे तुमच्या सासूबाई राहतात. तिथे शेगडीसुद्धा नाही."

"तीच आधी करा. आमची सगळी ऊब फुकटात तिकडे जाते."

इवो खिडकीबाहेर बघत राहिला.

ऐन हिवाळ्यात त्यांना घरात बनियनवर बसता येऊ लागलं. आईचं दार बोळातच, दोन पावलांवर. तरी तिला पाव द्यायला जाताना इवोने स्वेटर घातला, वर कानटोपी चढवली.

आईने खाट मधल्या भिंतीला अगदी खेटवली होती.

"यंदा थंडी जास्तच आहे का रे?"

"हो ना, आई," तो हात चोळत म्हणाला. "आमच्याकडेही तेच."