उमाबाईंचा पंखा

ग्रामसेवक वही घेऊन गुरुजींच्या घरात शिरला, तशी मागच्या भिंतीला शेण्या थापणारी बनाबाई शेणाच्या हातानंच खिडकीजवळ सरकली. सत्त्याण्णव साल. गावात गरिबांची यादी चालली होती. यादीत नाव लागलं की पिवळं कार्ड, आणि पिवळ्या कार्डावर स्वस्तात गहू-तांदूळ.

गोपाळकृष्ण गुरुजींवर तिचा पहिल्यापासून संशय. पेन्शन खाणारा माणूस वाईचं भरलं घर सोडून कवठे महांकाळच्या ह्या माळावर येतो काय, अनवाणी हिंडतो काय, एकवेळच जेवतो काय! साधी राहणी म्हणे. मागल्या महिन्यात तर त्यांच्या उमाबाईंनी छताचा पंखा उतरवून बनाबाईला देऊन टाकला. फुकट कोण कुणाला देतं? आज तिला उलगडा झाला. घर रिकामं केलं ते ह्या कार्डासाठी!

"टीव्ही?"

"नाही."

"पंखा?"

"नाही."

"मग बसलं की गुरुजी तुमचं नाव," ग्रामसेवक म्हणाला.

बनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. खायचे दात आज दिसले म्हणायचे!

"छे हो, नाव खोडा," गुरुजी हसत म्हणाले. "मला पेन्शन आहे. आम्ही आपले हौसेनं असे राहतो."

ग्रामसेवकानं नाव खोडलं. बनाबाई वरमली. उगाच देवमाणसावर जळले, असं मनाशी म्हणत ती हात धुऊन आपल्या घराकडं पळाली, कारण यादीत पुढचं घर तिचंच होतं.

ग्रामसेवक वाकून आत आला आणि वर बघत राहिला. आढ्याला दोरीनं बांधलेला पंखा, आणि पंख्याला टांगलेली भाकरीची दुरडी.

"पंखा हाय की, मावशे."

"आवं, मुंग्या लागत्यात म्हणून भाकरी टांगलिया त्येला. घरात लाईट तरी हाय का?"

"लाईटीचं फारमात न्हाई. पंखा हाय का न्हाई, येवढंच."

"गुरुजींच्या बाईंनी दिलाय त्यो. इचारा जावा!"

"कुणी दिला, ह्ये बी फारमात न्हाई." त्यानं पंख्यापुढं खूण केली, तिचं नाव यादीबाहेर ठेवलं आणि वही मिटली.

बनाबाईनं दुरडी चुलीपाशी ठेवली, पंखा सोडवला आणि डोक्यावर घेऊन गुरुजींचं दार गाठलं. राग आणि रडू एकदमच आलं होतं. पायरीवर तिनं पंखा आदळला. उमाबाई गोंधळल्या. झाला प्रकार कळल्यावर गुरुजींचा चेहरा पडला.

"बनाबाई, मी बोलतो त्याच्याशी," ते म्हणाले आणि तसेच अनवाणी निघाले.

बनाबाई पायरीवरनं हलली नाही.

"बोला की. तुमी खोडा म्हणला, त्यानं लगीच खोडलं. आता माजं लिवा म्हणा, बगू लिवतोय का."