स्वखुशीनं

क्रेडिट कार्ड हर्षालीच्या नावावर होतं, चाकणच्या कंपनीतल्या तिच्या नोकरीवर मिळालेलं. ते अपग्रेड केलं की विमानप्रवासाची व्हाउचर मिळणार होती आणि तिच्या नवऱ्याला, गोरक्षला, मित्रांबरोबर बँकॉक गाठायचं होतं. ती नको म्हणाली, तेव्हा त्यानं तिचं डोकं कपाटाच्या दारावर आपटलं. मागच्या वेळच्या मारानंतर ती पोलीस चौकीत गेली होती. तिथं तिला एवढंच विचारलं होतं, "पुरावा काय?"

आता एका हातानं तिचे केस धरून त्यानं स्पीकरवरचा फोन तिच्या तोंडापुढे आणला. "नुसतं हो म्हणायचं," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय," बँकेतली मुलगी म्हणाली. "अपग्रेड तुम्ही स्वखुशीनं घेताय ना?"

हर्षालीनं डोळ्यावर ओघळलेलं रक्त पुसलं. "नाही."

गोरक्षचं भान सुटलं. "लई शहाणी झालीस व्हय? डोकं फोडलं तरी अक्कल न्हाई आली? आता जीवच घेतो तुझा!" त्यानं घातलेल्या लाथेनं ती फरशीवर कोसळली, फोनही शेजारी पडला.

कशीबशी सरपटत ती फोनपाशी गेली.

"ताई, ह्यांचा आवाज नीट आला ना?"